गोड संगीताचा गुन्हा कोणता? गाय लोम्बार्डो आणि स्विंग युगाचा अर्धा इतिहास

१/
स्विंग युगाचा इतिहास बहुधा एकाच प्रसंगापासून सुरू केला जातो. तारीख २१ ऑगस्ट १९३५, स्थळ लॉस एंजेलिसचे पालोमार नृत्यगृह. बेनी गुडमनचा बँड अखेर मनासारखे वाजवू लागतो, तरुण नाचणे सोडून मंचाभोवती गोळा होतात आणि एका रात्रीत अमेरिकेचे कान बदलतात. मग ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, आर्टी शॉ ही नावे ओळीने येतात. कथा सुरेख आहे. अडचण एवढीच की त्या काळात अमेरिकेतल्या असंख्य जोडप्यांनी ज्याच्या तालावर पावले टाकली, तो माणूस तिच्यात कुठेच नाही.

२/
त्याचे नाव गाय लोम्बार्डो. क्वचित उल्लेख झालाच, तर तो थट्टेचा विषय म्हणून होतो. हा थ्रेड त्या थट्टेच्या विरोधात आहे. लोम्बार्डो एलिंग्टनच्या तोडीचा कलावंत होता, असे येथे कोणी म्हणत नाही. दावा वेगळा आणि अधिक गंभीर आहे. ज्यांनी त्याला इतिहासाबाहेर काढले, त्यांनी स्वतःच्या आवडीनिवडीला इतिहास हे नाव दिले. आणि तसे करताना वर्णभेदाची एक जाड भिंतही नकळत झाकून टाकली.

३/
प्रथम संज्ञा. त्या काळच्या नृत्यसंगीताच्या धंद्यात बँडचे दोन वर्ग मानले जात: 'हॉट' आणि 'स्वीट'. हॉट बँडमध्ये उत्स्फूर्त एकल वादनाला मान होता, ठेका उसळता आणि पितळी वाद्ये खणखणीत असत. स्वीट बँडमध्ये मूळ चाल सर्वांत पुढे, लय मध्यम, सूर मऊ आणि आवाज इतकाच की नाचणाऱ्या जोडप्याला एकमेकांशी बोलता यावे. बहुतेक बँड दोन्ही प्रकार वाजवत, कारण समोरच्याला हवे ते पुरवणे हा धंद्याचा नियम होता. आज मात्र हे दोन शब्द जणू दोन नैतिक पक्ष असल्यासारखे वापरले जातात.

४/
लोम्बार्डोचा जन्म १९ जून १९०२ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या लंडन या शहरात झाला. वडील गेटानो हे इटलीहून आलेले शिंपी आणि हौशी गायक. आपल्या गाण्याला साथ मिळावी म्हणून त्यांनी मुलांच्या हाती वाद्ये दिली. गायने व्हायोलिन घेतले, कारमेनने सॅक्सोफोन, लेबर्टने ट्रम्पेट. धाकटा व्हिक्टरही पुढे बँडमध्ये आला. अर्धशतकाहून अधिक काळ टिकलेल्या 'रॉयल कॅनेडियन्स' या बँडचा गाभा असा एका शिंप्याच्या घरात तयार झाला.

५/
१९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही मंडळी सीमा ओलांडून अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात आली. मार्च १९२४ मध्ये त्यांनी इंडियाना राज्यातील रिचमंड येथे जेनेट कंपनीसाठी पहिल्या तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. हे ठिकाण जॅझच्या अभ्यासकांना तीर्थक्षेत्रासारखे आहे. एकच वर्ष आधी, एप्रिल १९२३ मध्ये, किंग ऑलिव्हरच्या बँडने आणि त्यात तरुण लुई आर्मस्ट्राँगने आपले पहिले ध्वनिमुद्रण तेथेच केले होते. पुढे ज्या दोन परंपरांना परस्परांचे वैरी ठरवले गेले, त्यांची सुरुवात एकाच कंपनीच्या दारात झाली.

६/
१९२७ मध्ये बँड शिकागोच्या ग्रॅनाडा कॅफेत आला. लोम्बार्डोच्या आठवणीप्रमाणे तेथे आरंभी गिऱ्हाईक नव्हते. मग कॅफेतून डब्ल्यूबीबीएम रेडिओ केंद्रापर्यंत तार जोडली गेली. काही मिनिटांपुरते ठरलेले प्रक्षेपण लांबत गेले आणि ऐकणारे लोक घराबाहेर पडून थेट कॅफेत येऊ लागले. रेडिओ हे केवळ गाणे पोहोचवण्याचे साधन नसून दूरच्या श्रोत्याला दारापर्यंत आणण्याचे साधन आहे, हे लोम्बार्डोने फार लवकर ओळखले. त्याच्या यशाचे अर्धे रहस्य या एका जाणिवेत आहे.

७/
ऑक्टोबर १९२९ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट हॉटेलात मुक्काम टाकला. त्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला. महिनाअखेरीस देश हादरलेला होता आणि डिसेंबरच्या शेवटच्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, रेडिओवरून रूझवेल्ट हॉटेलातला हा बँड 'ऑल्ड लँग साइन' ही जुनी स्कॉटिश चाल वाजवताना ऐकू आला. ज्या वर्षाने लोकांची जन्माची पुंजी गिळली, त्याला निरोप देणारी ती चाल होती. पुढची सत्तेचाळीस वर्षे ती प्रथा टिकली.

८/
ही निवड बाजारू हिशेबातून झाली, असे सांगणारे एक गोष्ट विसरतात. ज्या ऑन्टारिओत लोम्बार्डो बंधू वाढले, त्या भागात स्कॉटिश वसाहतकऱ्यांची दाट वस्ती होती. तेथील नृत्याच्या कार्यक्रमांची सांगता याच चालीने करण्याचा रिवाज होता आणि तो या बंधूंना लहानपणापासून ठाऊक होता. एका खेड्यापाड्यातल्या रिवाजाला रेडिओने राष्ट्रीय विधीचे रूप दिले. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाला यापेक्षा मोलाचे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पण अभ्यास करायचा, तर आधी नाक मुरडणे थांबवावे लागते.

९/
आता त्या संगीताकडे वळू. कारमेनच्या नेतृत्वाखालील सॅक्सोफोन रुंद, डोलणाऱ्या स्वरकंपाने वाजत. तो आवाज पहिल्या दोन क्षणांतच ओळखू येई. लेबर्टचा ट्रम्पेट आवाज दाबणारे झाकण लावून मऊ केलेला असे. इतर बँडनी ट्यूबा टाकून तारेचे बास वाद्य घेतले, तरी येथे ट्यूबा बराच काळ टिकून राहिला. एका गाण्याचे छोटे आवर्तन संपताच पियानो स्वरपट्टी बदलून पुढच्या गाण्यात नेई, मध्ये खंड नसे. चाल कधी झाकली जात नसे आणि लय कधी ढळत नसे.

१०/
टीकाकारांना हे सारे मिळमिळीत वाटले. प्रश्न असा की ते संगीत कोणत्या कामासाठी घडवले होते? सायंकाळी कचेरीतून सुटून आलेल्या, नृत्याचे शिक्षण न घेतलेल्या, चारचौघांत पाय चुकण्याची धास्ती असलेल्या माणसाला ते आधार देणारे संगीत होते. लय स्थिर असली की पाय चुकत नाहीत. चाल ओळखीची असली की पुढचे पाऊल कळते. सलग गाणी असली की जोडीदाराचा हात सोडावा लागत नाही. ही रचना आळसातून आली नव्हती; ती नाचणाऱ्याचे शरीर समजून केलेली कारागिरी होती.

११/
मग या संगीताचा इतिहास लिहिला कोणी? नाचणाऱ्यांनी नव्हे. नाचणारे घरी गेले, संसाराला लागले. लिहिले ते तबकड्या जमवणाऱ्यांनी. मंदीच्या काळात तबकड्यांचा बाजार जवळजवळ बुडाला होता: १९२७ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा कोटी तबकड्या विकल्या गेल्या, १९३२ मध्ये जेमतेम साठ लाख. संगीत बहुतांशी रेडिओवर आणि नृत्यगृहांत जगत होते, आणि तेथले बहुतेक हवेत विरून गेले. उरली ती संग्राहकाची पेटी. जे पेटीत राहिले, तेच कालांतराने 'युग' म्हणून ओळखले जाऊ लागले.

१२/
१९३४ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी फ्रान्समध्ये ह्यूग पानासिए यांचे 'ल जॅझ हॉट' प्रसिद्ध झाले आणि शिकागोत 'डाउन बीट' हे नियतकालिक सुरू झाले. ग्रंथाच्या शीर्षकातच निवाडा होता: खरा जॅझ तो 'हॉट'. नियतकालिकात स्वीट बँडना वेगळ्या रकान्यात बसवले गेले, आणि 'कॉर्न' म्हणजे गावठी, शिळे असा शब्द लोम्बार्डोच्या नावाला कायमचा चिकटवला गेला. 'कॉर्न' या शब्दात शहरी तरुणाचा खेड्याविषयीचा तुच्छभाव आहे, हे त्यावेळी कोणाला खटकले नाही. आजही फारसे खटकत नाही.

१३/
या टीकाकारांचे ऋण नाकारणे अन्यायाचे ठरेल. ज्या देशात कृष्णवर्णीय कलावंताला पुढच्या दाराने हॉटेलात शिरता येत नव्हते, तेथे त्याच्या संगीताला श्रेष्ठ कला म्हणणे हे धैर्याचे काम होते. आर्मस्ट्राँग आणि एलिंग्टन यांना आज जे स्थान आहे, त्यात या लेखकांचा वाटा मोठा. पण एका अन्यायाचे निवारण करताना त्यांनी दुसरी चूक पक्की केली. 'हॉट' म्हणजे कृष्णवर्णीय आणि अस्सल, 'स्वीट' म्हणजे श्वेतवर्णीय आणि नकली, असे समीकरण त्यांनी मांडले. पुरावे या समीकरणाला जागोजागी छेद देतात.

१४/
पहिला पुरावा खुद्द गुडमनचा. त्याला राष्ट्रीय श्रोतृवर्ग मिळाला तो एनबीसीच्या 'लेट्स डान्स' या कार्यक्रमामुळे. डिसेंबर १९३४ ते मे १९३५ या काळात, शनिवारी रात्री तीन तास, बिस्किटे बनवणाऱ्या एका कंपनीच्या पैशावर तो चाले. त्यात आळीपाळीने तीन बँड वाजत: केल मरेचा स्वीट बँड, झेवियर कुगाटचा लॅटिन बँड आणि गुडमनचा हॉट बँड. ज्या रेडिओने स्विंग युग घडवले, त्यावर गोड संगीत पहिल्या दिवसापासून शेजारी बसलेले होते. श्रोते एकच होते आणि त्यांना तिन्ही हवे होते.

१५/
दुसरा पुरावा असा की त्यापुढे संग्राहकांची पंचाईत होते. जॅझच्या इतिहासातील सर्वांत मोठे नाव असलेला लुई आर्मस्ट्राँग लोम्बार्डोचा आयुष्यभराचा चाहता होता. १९२८ मध्ये शिकागोत काम करीत असताना आपण आणि ड्रमवादक झटी सिंगलटन रविवारच्या रात्री लोम्बार्डोचे वादन संपेपर्यंत जागचे हलत नसू, असे त्याने सांगून ठेवले आहे. डिसेंबर १९३० मध्ये त्याने 'स्वीटहार्ट्स ऑन परेड' ध्वनिमुद्रित केले. ते गाणे कारमेन लोम्बार्डोचे. त्या काळच्या आर्मस्ट्राँगच्या अनेक तबकड्यांत मागे वाजणाऱ्या सॅक्सोफोनमध्ये रॉयल कॅनेडियन्सची छाया स्पष्ट ऐकू येते.

१६/
१९४९ मध्ये समीक्षक लेनर्ड फेदर यांनी 'मेट्रोनोम' नियतकालिकासाठी आर्मस्ट्राँगची एक श्रवणचाचणी घेतली. वादकांची नावे न सांगता तबकड्या ऐकवायच्या आणि गुण मागायचे, असा तो प्रकार. लोम्बार्डोची तबकडी लागताच आर्मस्ट्राँगने ती ओळखली आणि तिला आठ तारे बहाल केले. प्रचलित मोजपट्टी चारच ताऱ्यांची होती. असे लोकच संगीत जिवंत ठेवतात, असा त्याचा अभिप्राय होता.

१७/
यावर समीक्षकांची उत्तरे वाचनीय आहेत. कोणी म्हणाले, तो विनोद करत होता. कोणी म्हणाले, थोर कलावंताच्या आवडीला तर्क नसतो. एकानेही असा विचार केला नाही की ज्याने एकल वादनाची भाषाच नव्याने घडवली, त्याच्या कानाला कदाचित काही ऐकू येत असेल जे आपल्याला येत नाही. आर्मस्ट्राँगला मूळ चालीविषयी अपार आदर होता, आणि लोम्बार्डोच्या बँडमध्ये चाल सदैव शाबूत असे. मुद्दा इतका साधा आहे. आर्मस्ट्राँगला डोक्यावर घ्यायचे आणि त्याचे म्हणणे मात्र मनावर घ्यायचे नाही, याला भक्ती म्हणता येईल, इतिहासलेखन नाही.

१८/
तिसरा पुरावा हार्लेमचा. सॅव्हॉय नृत्यगृह म्हणजे कृष्णवर्णीय न्यूयॉर्कचे हृदय. तेथल्या जमिनीवर लिंडी हॉप हे नृत्य वाढले, तेथल्या मंचावर बँडचे सामने रंगले. तेथील नर्तकांइतका चोखंदळ प्रेक्षक अमेरिकेत दुसरा नव्हता. १९३० मध्ये लोम्बार्डोचा बँड तेथे वाजला आणि त्या रात्रीच्या गर्दीने सॅव्हॉयचा उच्चांक मोडल्याची नोंद आहे. कृष्णवर्णीयांना गोड संगीत रुचत नसे, ही समजूत श्वेतवर्णीय संग्राहकांची होती. हार्लेमला कोणी विचारलेच नव्हते.

१९/
यापुढचे दोन पुरावे अधिक बोचरे आहेत. फ्लेचर हेंडरसनच्या बँडला आज हॉट वादनाचा उगमस्रोत मानतात. त्याचा कॉर्नेटवादक रेक्स स्टुअर्ट याने लिहून ठेवले आहे की नृत्यगृहात हा बँड वॉल्ट्झसाठीही नावाजलेला होता. मग हेंडरसनचे वॉल्ट्झ तबकड्यांवर का नाहीत? ध्वनिमुद्रण कंपन्यांना कृष्णवर्णीय बँडकडून ते नको होते म्हणून. आज तबकड्या ऐकून 'हेंडरसन फक्त हॉट वाजवी' असे सांगणारा अभ्यासक त्या कंपन्यांचा पूर्वग्रह पुरावा म्हणून सादर करत असतो.

२०/
१९३६ मध्ये कॅन्सस सिटीच्या अँडी कर्कला प्रेमगीत ध्वनिमुद्रित करायचे होते. डेक्का कंपनीचा जॅक कॅप राजी नव्हता. तुमचे चांगले चालले असताना गोऱ्या पोरांचे काम कशाला करता, अशा अर्थाचे त्याचे उत्तर कर्कने नोंदवले आहे. कर्क हटला नाही. फा टेरेलच्या आवाजातले 'अन्टिल द रिअल थिंग कम्स अलाँग' ध्वनिमुद्रित झाले आणि बँडचे सर्वांत गाजलेले गाणे ठरले. गोड गाण्याचा अधिकारही या माणसाला भांडून मिळवावा लागला.

२१/
आता लोम्बार्डोचा हिशेब. वर्णभेदाचा लाभ त्याला झाला, हे लपवण्याचे कारण नाही. त्याचा बँड श्वेतवर्णीय होता. ज्या आलिशान हॉटेलांत तो वर्षानुवर्षे वाजला, त्यांतली बहुतेक कृष्णवर्णीय बँडना बंद होती. रेडिओवरचे प्रायोजित कार्यक्रमही तसेच. सिगारच्या कंपनीचा पैसा लोम्बार्डोला न्यूयॉर्कला आल्यावर लगेच मिळाला. आर्मस्ट्राँगला राष्ट्रीय जाळ्यावर प्रायोजित कार्यक्रम मिळायला १९३७ उजाडले, आणि तोही दुसऱ्याच्या जागेवर, काही आठवड्यांपुरता.

२२/
म्हणूनच 'स्वीट' या शब्दाची थट्टा करून भागत नाही. गोड संगीत ही त्या काळातील सर्वांत किफायतशीर जागा होती: हॉटेलचा दीर्घ करार, रेडिओची तार, प्रायोजकाचा धनादेश. कृष्णवर्णीय वादकांना त्या जागेपासून दूर ठेवले गेले, आणि नंतरच्या समीक्षकांनी जाहीर केले की त्यांना ती जागा मुळी नकोच होती, ते 'अस्सल' होते. वंचिताच्या वंचनेला त्याचा स्वभाव ठरवणे ही जुनी युक्ती आहे. येथे ती कौतुकाच्या भाषेत आली, म्हणून ओळखू आली नाही.

२३/
एक आक्षेप ठरलेला आहे: लोकप्रियता म्हणजे गुणवत्ता नव्हे. मान्य. परंतु 'श्रेष्ठ काय होते' हा सौंदर्यशास्त्राचा प्रश्न आहे. 'काय घडले' हा इतिहासाचा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याचे गुण घेता येत नाहीत. ज्याला फक्त श्रेष्ठ तबकड्यांची यादी करायची आहे, त्याने खुशाल करावी. तिला 'स्विंग युगाचा इतिहास' असे नाव देऊ नये. शेतकऱ्यांना वगळून लिहिलेल्या राज्याच्या इतिहासाला जे म्हटले जाते, तेच नर्तकांना वगळून लिहिलेल्या नृत्यसंगीताच्या इतिहासाला म्हटले पाहिजे.

२४/
शेवटचा पुरावा काळाचा. १९४६ च्या अखेरीस गुडमन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी, वुडी हर्मन यांनी काही आठवड्यांच्या अंतराने आपापले बँड मोडले. खर्च वाढले होते, करमणूककराने नृत्यगृहांचे कंबरडे मोडले होते, लोक नाचायचे सोडून गायकांच्या मागे लागले होते. त्याच वर्षी लोम्बार्डोने वेगवान नौकांच्या शर्यतीत 'टेम्पो ६' चालवून गोल्ड कप जिंकला आणि बँडही चालू ठेवला. १९५४ पासून त्याने जोन्स बीचच्या खुल्या रंगमंदिरात संगीतिका सादर केल्या, १९५६ पासून नववर्षाची रात्र दूरचित्रवाणीवर नेली. ५ नोव्हेंबर १९७७ रोजी ह्यूस्टन येथे त्याचा मृत्यू झाला, तोवर बँड चालू होता.

२५/
तरुण अभ्यासकांनी यातून एक सवय लावून घ्यावी. कोणत्याही 'युगा'चा इतिहास हाती आला की आधी पाहावे, हा कोणाच्या पेटीतून निघाला; तो जमवणाऱ्याला काय नकोसे होते; आणि जे पेटीत नाही, ते नव्हतेच की कोणी ठेवू दिले नाही. मग 'स्वीटहार्ट्स ऑन परेड'च्या दोन तबकड्या लागोपाठ ऐकाव्यात: १९२८ ची लोम्बार्डोची आणि १९३० ची आर्मस्ट्राँगची. दुसरी श्रेष्ठ आहे, याबद्दल वाद नाही. पण ती वाजवणारा पहिली मनापासून ऐकत होता. इतिहास सांगणाऱ्यांनीही निदान तेवढे करावे.